अद्भुताची चिकित्सा : झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांची निसर्गजिज्ञासा

१. प्रश्नाची मांडणी

मराठी इतिहासलेखनात झाशीचे नाव प्रामुख्याने १८५७-५८ च्या रणसंग्रामाशी जोडले गेले आहे. राणी लक्ष्मीबाईंचे तेज इतके प्रखर आहे की, त्यांच्या आधीची झाशीतील मराठी राजवट बहुधा वंशावळीपुरती आणि सनदा-सारापट्टीच्या तपशिलापुरतीच उरते. तलवारीच्या या इतिहासाखाली जिज्ञासेचा एक लहानसा पण महत्त्वाचा इतिहास दबून राहिला आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार करावयाचा आहे.

या विचाराचे निमित्त मात्र दूरचे आहे. इंग्रजी लेखिका जे. के. रोलिंग यांनी २००१ साली न्यूट स्कॅमँडर या कल्पित निसर्गवैज्ञानिकाच्या नावाने एक छोटे पुस्तक सिद्ध केले आणि २०१६ पासून तो चित्रपटांचाही नायक झाला. जादूच्या प्राण्यांना भिऊन न जाता, त्यांची पूजाही न करता, त्यांचे निरीक्षण, वर्णन आणि वर्गीकरण करणारा हा गृहस्थ आहे. बालवाङ्मयातील ही कल्पना वरवर गमतीची वाटली, तरी तिच्या मुळाशी ज्ञानाच्या इतिहासातील एक गंभीर प्रश्न आहे. ज्या वस्तूपुढे माणूस केवळ थक्क होतो, त्या वस्तूला तो प्रश्न केव्हा विचारू लागतो? अद्भुत हे चिकित्सेचा विषय केव्हा होते? अठराव्या शतकाच्या अखेरीस झाशीच्या किल्ल्यात एका वृद्ध मराठी सुभेदाराने हे संक्रमण स्वतःपुरते घडवून आणले होते. म्हणून या प्रश्नाचा शोध झाशीपासून आरंभणे सयुक्तिक ठरेल.

२. युरोपातील पार्श्वभूमी

कल्पित प्राण्यांची शास्त्रीय तपासणी हा युरोपातही केवळ कादंबरीचा विषय नव्हता. स्वीडनचे कार्ल लिनियस १७३५ साली हॅम्बुर्ग येथे गेले असता, तेथील मोठ्या अपूर्वाईचा सात तोंडांचा एक 'हायड्रा' त्यांना दाखविण्यात आला. मसाला भरून जतन केलेल्या या प्राण्याची मोठी किंमत सांगितली जात होती. लिनियस यांनी दात आणि नखे बारकाईने पाहिली आणि निर्णय दिला की, जबडे व पंजे हे मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल नावाच्या लहान शिकारी प्राण्याचे असून वर सापाची कातडी चिकटवलेली आहे. या निर्णयाने विक्री बिघडली आणि मालकांच्या रोषाच्या भयाने त्यांना हॅम्बुर्ग घाईने सोडावे लागले.

त्याच वर्षी लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सिस्टेमा नाटुरे' या ग्रंथात 'पॅराडॉक्सा' असा एक स्वतंत्र रकाना आहे. त्यात एकशिंगी, फिनिक्स, ड्रॅगन, सॅटर आणि हायड्रा यांची नोंद करून त्यांच्या अस्तित्वाविषयी शंका घेतलेली आहे. विशेष म्हणजे पेलिकन हा खराखुरा पक्षीही त्याच रकान्यात आहे. तो स्वतःचे रक्त पाजून पिले वाढवतो या दंतकथेमुळे तो तेथे पोहोचला. खरा प्राणी दंतकथेमुळे संशयित ठरतो आणि खोटा प्राणी मसाला भरल्यामुळे विश्वसनीय ठरतो, हे त्या काळाचे चित्र होते. लिनियस यांनी पुढे १७४८ च्या आवृत्तीपासून हा रकाना काढून टाकला. मात्र वगळण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक प्राण्याची नोंद घेतली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अद्भुताला हसून बाजूला सारणे आणि तपासून बाजूला सारणे यांत फरक आहे.

३. बुंदेलखंडाची स्वतःची परंपरा

अशी पद्धतशीर नोंद केवळ युरोपानेच केली, असे मानण्याचे कारण नाही. झाशीच्या परिसरात फिरणाऱ्या अभ्यासकाला कल्पित प्राणी जागोजागी भेटतात. झाशीजवळच्या बरुआसागर येथील 'जराई का मठ' हे प्रतिहारकालीन मंदिर, तसेच चंदेलांची खजुराहो येथील दहाव्या-अकराव्या शतकांतील मंदिरे ही या भूभागाच्या शिल्पसमृद्धीची साक्ष देतात. खजुराहोच्या भिंतींवरील खोबणींतून सिंहाचे शरीर आणि कधी हत्तीचे, कधी पोपटाचे, कधी वराहाचे तोंड धारण केलेला व्याल आपल्या दोन पायांवर उभा दिसतो.

हा व्याल म्हणजे शिल्पकाराच्या लहरीचे फळ नव्हे. पश्चिम भारतात बाराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'अपराजितपृच्छा' या शिल्पग्रंथात व्यालांचे सोळा प्रकार मुखभेदानुसार सांगितले असून प्रत्येकाच्या सोळा अवस्था कल्पिल्या आहेत. अशा रीतीने एकूण २५६ रूपे होतात. जो प्राणी कोणी पाहिलेला नाही, त्याचेही जाती आणि उपजाती यांत विभाजन करणारी ही दृष्टी वर्गीकरणाची आहे. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर आढळणारे शरभ आणि गंडभेरुंड याच कल्पनाविश्वातले होत. शिवनेरीच्या दरवाजावरील शरभ किंवा जंजिऱ्याच्या दारावर पंजांत हत्ती धरलेले श्वापद पाहणाऱ्याला हे सांगावयास नको.

याच्या जोडीला खऱ्या पशुपक्ष्यांचे निरीक्षण करणारी परंपराही येथे होती. तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ पशुपक्ष्यांचे स्वभाव, वय आणि वर्तन यांचे वर्णन करतो. अरण्यऋषी म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या परिश्रमाने तो मराठीत आला. तात्पर्य, कल्पिताचे वर्गीकरण आणि वास्तवाचे निरीक्षण या दोन्ही धारा आपल्याकडे होत्या. त्या दोन्ही एका ठिकाणी आणून, दिसलेल्या चमत्काराला 'हे कशामुळे?' असे विचारणे ही तिसरी गोष्ट होय. रघुनाथ हरी यांचे महत्त्व या तिसऱ्या गोष्टीत आहे.

४. झाशीतील मराठी राजवट

ओरछ्याच्या वीरसिंहदेवांनी १६१३ साली बांधलेला झाशीचा किल्ला १७४२ च्या सुमारास मराठ्यांच्या ताब्यात आला. तत्पूर्वी छत्रसालांनी बाजीराव पेशव्यांना आपल्या राज्याचा वाटा दिल्यामुळे बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल पक्के झाले होते. नाशिकच्या देवळामुळे आणि घंटेमुळे मराठी माणसाला ठाऊक असलेल्या नारो शंकर यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि पायथ्याशी शहर वसविले. १७५७ साली त्यांना परत बोलाविण्यात आले. पुढे काही अधिकारी बदलल्यावर सुमारे १७६९ मध्ये रघुनाथ हरी नेवाळकर यांच्याकडे सुभा आला. नेवाळकर हे मूळचे रत्नागिरीकडील कऱ्हाडे ब्राह्मण घराणे. कोकणातून खानदेशात पारोळ्यास आणि तेथून बुंदेलखंडात असा त्यांचा प्रवास झाला. रघुनाथ हरी यांनी पंचवीसहून अधिक वर्षे झाशीचा कारभार पाहिला. महालक्ष्मीचे मंदिर आणि शहरातील राणीमहाल यांच्या बांधणीचे श्रेय त्यांना दिले जाते.

राणीमहालाचा उल्लेख येथे मुद्दाम करावयाचा आहे. त्याच्या दरबार दालनाच्या भिंती आणि छत पानाफुलांच्या व पशुपक्ष्यांच्या रंगीत आकृतींनी सजविलेले आहेत. संस्थान खालसा झाल्यानंतर राणी लक्ष्मीबाई तेथे राहत असत. पुढे याच वास्तूत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने परिसरातील नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे एकत्र केली. बुंदेलखंडाची पाषाणातील प्रतिमासृष्टी आणि मराठी सुभेदाराच्या चित्रकारांचे पशुपक्षी अशा प्रकारे एका छताखाली आले आहेत.

५. हंटर यांची भेट

रघुनाथ हरी यांच्या जिज्ञासेचे साक्षीदार म्हणजे विल्यम हंटर हे स्कॉटिश वैद्य होत. शिंद्यांच्या दरबारातील कंपनीचे वकील मेजर पामर यांच्या समवेत १७९२-९३ मध्ये त्यांनी आग्रा ते उज्जैन असा प्रवास केला. त्याचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकाच्या १७९९ मधील सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. हंटर यांनी सवाई जयसिंगांच्या वेधशाळांवरही लिहिले आणि पुढे हिंदुस्तानी भाषेचा कोश सिद्ध केला. त्यामुळे यंत्रे आणि भाषा या दोन्ही विषयांत त्यांची नजर तयार होती.

त्यांच्या वृत्तांतानुसार रघुनाथ हरी तेव्हा साठीच्या आसपासचे होते. काही शारीरिक व्याधीवर उपचार घेण्यासाठी ते पूर्वी एका इंग्रजी ठाण्यावर गेले होते आणि तेथून त्यांना युरोपीय वस्तूंची व विद्येची गोडी लागली होती. पाहुण्यांना त्यांनी किल्ल्यातील वरच्या दालनात नेले. तेथे मसनद नव्हती, तर खुर्च्या आणि मेजे मांडलेली होती. त्यांनी काही इंग्रजी ग्रंथ दाखविले. त्यांत 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ची दुसरी आवृत्ती होती. तिच्यातील सर्व चित्रपत्रांच्या सुबक प्रती त्यांनी आपल्या पदरच्या चित्रकारांकडून करवून घेतल्या होत्या. ग्रंथातील मजकूर समजावा म्हणून त्या वयात इंग्रजी शिकण्याचा त्यांचा मनोदय होता. शिक्षक अथवा उपयोगी पुस्तक मिळावे, अशी त्यांची आर्जवाची विनंती होती. लेफ्टनंट मॅक्फर्सन यांनी गिलख्रिस्ट यांचा कोश भेट दिला, तेव्हा त्यांना अतिशय आनंद झाला. कलकत्त्याहून आणलेल्या हँड ऑर्गनवर त्यांनी काही सूर वाजवून दाखविले. त्यानंतर त्यांनी विद्युत्यंत्राचा प्रयोग केला.

६. चित्रपत्रांच्या प्रती

ब्रिटानिकाची ही दुसरी आवृत्ती १७७७ ते १७८४ या काळात एडिंबरो येथे दहा खंडांत निघाली आणि तीत ३४० चित्रपत्रे होती. याचा अर्थ, शेवटचा खंड निघाल्यापासून आठ-नऊ वर्षांच्या आत तो ग्रंथ समुद्र ओलांडून बुंदेलखंडातील एका किल्ल्यात येऊन पोहोचला होता. शरीररचना, यंत्रे, खगोल, प्राणी आणि वनस्पती अशा नानाविध विषयांची ती चित्रे होती.

या प्रतींकडे आजवर केवळ हौस म्हणून पाहिले गेले. त्यांत ज्ञानप्राप्तीची एक निश्चित पद्धती दिसते. मजकूर वाचता येत नसताना रघुनाथ हरी यांनी चित्रांपासून आरंभ केला. वाचण्याआधी पाहणे आणि पाहिलेले रेखाटून घेणे हा निसर्गाभ्यासाचा पहिला धडा आहे. एखादा पक्षी, हाडांचा सांगाडा किंवा पंपाची रचना हुबेहूब उतरवून घेताना चित्रकाराला प्रत्येक अवयव आणि त्याचे प्रमाण यांकडे लक्ष द्यावे लागते. राणीमहालातील वेलबुट्टीच्या चित्रणात सौंदर्याला प्राधान्य असे. ताम्रपटाच्या छापाची नक्कल करताना मोजमापाला प्राधान्य द्यावे लागे. एकाच कुंचल्याने दोन प्रकारचे पाहणे साधावे, अशी अपेक्षा या कामातून त्या कलावंतांपुढे उभी राहिली.

त्या चित्रकारांची नावे हंटर यांनी दिलेली नाहीत. विद्युत्यंत्र तयार करणाऱ्या कारागिराचेही नाव नाही. तो सुभेदारांच्या पदरी होता, इतकेच म्हटले आहे. झाशीच्या या प्रयोगशाळेचा इतिहास लिहिताना रघुनाथ हरी यांच्यासमवेत या अनाम माणसांचाही वाटा मान्य केला पाहिजे. जिज्ञासा धन्याची असली तरी हात त्यांचे होते.

७. काचेच्या बाटलीचा प्रश्न

विद्युत्यंत्राचा प्रसंग या निबंधाच्या दृष्टीने केंद्रस्थानी आहे. मेजावरील दिव्यावर घालण्याची साधी काचेची हंडी वापरून ते यंत्र बनविले होते. ती फिरवून घर्षणाने विद्युत् निर्माण करावयाची आणि एका काचकुपीत साठवावयाची, अशी योजना होती. हवा कोरडी असल्याने प्रयोग उत्तम साधला. उपस्थितांना चांगलेच धक्के बसले आणि पाहणारे थक्क झाले. अशी कुपी १७४६ च्या सुमारास लायडन येथील प्रयोगांतून प्रसिद्धीस आली होती, म्हणून तिला 'लायडन कुपी' म्हणतात. लिनियस यांचा ग्रंथ ज्या शहरात छापला गेला, त्याच शहरातून ही दुसरी नवलाई जगभर गेली.

न दिसणारी वस्तू बाटलीत कोंडावयाची आणि स्पर्श होताच तिने माणसाला झटका द्यावयाचा, हे दृश्य बाटलीतील समंधाच्या लोककथांवर वाढलेल्या प्रेक्षकांना चमत्काराहून वेगळे वाटण्याचे कारण नव्हते. युरोपातही त्या काळी असे प्रयोग दिवाणखान्यातील करमणूक म्हणून होत. रघुनाथ हरी मात्र धक्का देऊन थांबले नाहीत. विद्युत्द्रवाचे स्वरूप काय, आणि तो कुपीच्या नेमक्या कोणत्या भागात साठतो, काचेत की तिच्यावरील धातूच्या आवरणात, असे प्रश्न त्यांनी पाहुण्यांना विचारले.

हा प्रश्न किती नेमका होता, हे विज्ञानाच्या इतिहासाकडे पाहिल्यावर कळते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकाच्या अखेरीस हाच प्रश्न हाती घेतला होता आणि कुपीचे भाग सुटे करून शक्ती काचेत असल्याचा निष्कर्ष काढला होता. पुढे विसाव्या शतकात त्या प्रयोगाचा अर्थ पुन्हा तपासण्यात आला. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर विद्युत्भार धातूच्या पृष्ठांशी निगडित असतो आणि ऊर्जा दोहोंमधील काचेतील विद्युत्क्षेत्रात साठलेली असते. सारांश, झाशीच्या सुभेदाराने विचारलेल्या 'काच की आवरण' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे फ्रँकलिननंतरही सोपे नव्हते. इंग्रजीचे एक पानही वाचू न शकणाऱ्या माणसाने केवळ प्रयोग करून आणि विचार करून या प्रश्नापर्यंत यावे, ही बाब निःसंशय लक्षणीय आहे. हंटर यांनीही नवलाईच्या बालसुलभ कुतूहलापलीकडे जाऊन कारण शोधण्याची त्यांची इच्छा होती, अशी नोंद केली आहे.

८. 'अपवाद' या विधानाची तपासणी

हंटर यांची साक्ष मोलाची असली तरी ती जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. युरोपीय विद्येचे श्रेष्ठत्व ओळखणारा आणि स्वजनांच्या पूर्वग्रहांपासून मुक्त असलेला दुर्मीळ हिंदुस्थानी, अशा चौकटीत त्यांनी रघुनाथ हरी यांना बसविले. या स्तुतीत इतर सर्वांची निंदा गृहीत आहे. समकालीन मराठी जगाकडे पाहिले असता हा अपवाद तितकासा एकाकी दिसत नाही.

पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांना पशुपक्ष्यांचे विलक्षण वेड होते आणि त्यांच्या शिकारखान्यातील दूरदेशीचे प्राणी पाहून इंग्रज पाहुण्यांनी त्यांची वर्णने लिहून ठेवली. तंजावरचे सरफोजीराजे (१७७७-१८३२) यांनी तर ही वृत्ती पुढच्या टप्प्यावर नेली. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी युरोपीय शास्त्रग्रंथ आणविले, चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची व वनस्पतींची चित्रे करवून घेतली, धन्वंतरी महालात औषधींची परीक्षा चालविली आणि देवनागरी मुद्रणालय उभारले. त्या मुद्रणालयातून बोलक्या प्राण्यांच्या इसापनीतीचे मराठी रूप छापून निघाले. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस आणि ब्युफों यांचे दाखले सहज देणारा हा मराठी राजा पाहून ते प्रभावित झाले.

झाशी आणि तंजावर यांतील भेद मात्र बोलका आहे. सरफोजींना बालपणापासून युरोपीय गुरू लाभले. रघुनाथ हरींना साठीत एक शब्दकोश लाभला. राजकीय सत्ता गमावलेल्या सरफोजींना विद्येसाठी अवकाश आणि निश्चित उत्पन्न होते, तर सीमेवरील सुभा सांभाळणाऱ्या रघुनाथ हरींची सवड मर्यादित होती. मुख्य म्हणजे तंजावरात ग्रंथालय, मुद्रणालय आणि औषधशाळा अशा संस्था उभ्या राहिल्या. झाशीत जिज्ञासा एका व्यक्तीच्या आयुष्याशी बांधलेली राहिली.

९. अखेर आणि वारसा

हंटर यांचा वृत्तांत छापून येण्याच्या काही काळ आधी, १७९६ च्या सुमारास, रघुनाथ हरी यांना असाध्य वाटणारा विकार जडला. ते काशीस गेले आणि तेथे त्यांनी गंगेत देह विसर्जित केला. हंटर यांना याचे दुःख झाले. विद्युत्कुपीला प्रश्न विचारणारा माणूस अखेर गंगेकडे वळला, यात आधुनिक वाचकाला विसंगती भासण्याचा संभव आहे. रघुनाथ हरी यांच्या दृष्टीने ती असण्याचे कारण नाही. महालक्ष्मीचे मंदिर बांधणारा आणि ब्रिटानिकाची चित्रे उतरवून घेणारा हा एकच माणूस होता. निसर्गाची कारणे विचारण्यासाठी त्यांना परंपरा सोडावी लागली नाही. श्रद्धा आणि चिकित्सा यांची आजची विभागणी त्यांच्यावर लादणे अनैतिहासिक ठरेल.

त्यांच्यानंतर बंधू शिवराव भाऊ यांच्याकडे सत्ता गेली. १८५३ मध्ये गंगाधरराव निवर्तले, १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले आणि एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने शहर जिंकून लुटले. त्या वेळी शहरात असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी आपल्या 'माझा प्रवास' या वृत्तांतात झाशीच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाची आणि त्याच्या नाशाची हकीकत दिली आहे. पिढ्यान् पिढ्या जमविलेल्या पोथ्यांची पाने सैनिकांनी विस्कटून टाकली, हे त्यांना माणसांच्या संहाराइतकेच जिव्हारी लागले होते. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा महाराष्ट्राला झाशीच्या लढाईबरोबर झाशीच्या विद्येचीही वार्ता कळली. वाचकांनी लढाई लक्षात ठेवली आणि ग्रंथसंग्रह विसरला गेला.

१०. निष्कर्ष

रघुनाथ हरी यांनी कोणताही सिद्धांत मांडला नाही आणि ग्रंथही लिहिला नाही. त्यांना वैज्ञानिक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि चमत्कार आणि शास्त्र यांच्या सीमेवर उभे राहून योग्य प्रश्न विचारणारे ते मराठी राजवटीतील एक महत्त्वाचे पुरुष होते. हॅम्बुर्गचा हायड्रा तपासताना लिनियस यांनी दात कोणाचे आहेत, ते पाहिले. झाशीतील कुपी हाताळताना रघुनाथ हरी यांनी शक्ती कोठे राहते, ते विचारले. दोन्ही ठिकाणी वृत्ती एकच आहे.

या वृत्तीचा लोप हा व्यक्तीच्या मृत्यूने झाला, की तिला आधार देणारी संस्था नसल्यामुळे झाला, हा विचार आजच्या अभ्यासकांनी करावयास हवा. तंजावरचे ग्रंथालय टिकले म्हणून सरफोजींची चित्रे आणि पोथ्या पाहता येतात. झाशीच्या जिज्ञासेची साक्ष मात्र एका परकीय प्रवाशाच्या टिपणातील काही ओळींवर उभी आहे. त्या प्रवाशाने त्या दिवशी दुसऱ्या वाटेने जावयाचे ठरविले असते, तर रघुनाथ हरी यांचा प्रश्नही आपल्यापर्यंत पोहोचला नसता. बृहन्महाराष्ट्रातील मराठी राजवटींचा अभ्यास करताना सनदा आणि लढाया यांच्या जोडीला ग्रंथसंग्रह, चित्रशाळा आणि कारागीर यांच्या नोंदी वेचणे अगत्याचे आहे, ते याच कारणासाठी.